दर रविवारी तीन डेसिबेल

रविवार, ७ जानेवारी

ही वही नवी. जुन्या वहीत फक्त आकडे असतात: तारीख, वेळ, डीबी म्हणजे सिग्नलचे डेसिबेल, हवा. अकरा वर्षांचे आकडे, एक दिवस चुकलेला नाही. आज आकड्याखाली दोन ओळी जास्त लिहाव्याशा वाटल्या आणि रकाना पुरेना.

आज २१ भरले. काल २४ होते. अकरा वर्षं २४ आहेत, हवा फारच दमट असली तर २३.

सगळं नीट लिहून ठेवतो, नाहीतर उद्या माझं मलाच कळायचं नाही. खाडीपलीकडच्या डोंगरावर दादाचं घर आहे. त्याच्या माळ्यावर एक छोटा ट्रान्समीटर चालू असतो. ताकद अर्धा वॉट, खेळण्यातला दिवा जेमतेम पेटेल एवढी. आम्ही हौशी रेडिओवाले त्याला बीकन म्हणतो. तो कुणाशी बोलत नाही. आपली ठरलेली अक्षरं टिकटिकत सांगतो, मग दहा सेकंदांची लांब रेघ वाजवतो, थोडा थांबतो आणि पुन्हा तेच. कुठे कुणी ऐकलं तर त्याला कळावं, की इथपासून तिथपर्यंतची वाट मोकळी आहे. दादाचा बीकन ऐकणारा बहुधा मी एकटाच.

रोज सकाळी सातला ही शिवणाचं मशीन बंद ठेवते, कारण मोटरची चरचर रेडिओत येते. मग मी अँटेना आणि रेडिओच्या मधे खटक्यांचा डबा लावतो. एकेक खटका दाबला की त्यावर लिहिलेत तेवढ्या डीबीने सिग्नल कमी होतो. रेघ खरखरीत बुडाली की किती डीबी दाबले ते मोजायचं; आकडा मोठा म्हणजे सिग्नल जोरदार. हा डबा आम्ही दोघांनी शिकत असताना बनवला. दोन बनवले, अगदी सारखे. दुसरा दादाकडे आहे.

तीन डीबी कमी म्हणजे ताकद निम्मी. आणि निम्मी झाली तरी कानाला धड पत्ता लागत नाही. पत्ता मला लागला, कारण मी मोजतो.


रविवार, १४ जानेवारी

१८. आठवडाभर २१ वर हलला नाही आणि आज १८.

केबलमधे पाणी शिरलं असणार, किंवा जोड गंजलाय. दादाचं माळ्यावर चढणं कमी झालं असेल. अडुसष्ट वर्षं म्हणजे काही पोरवय नाही. हिला सांगितलं तर म्हणाली, "अहो, मग फोन करून सांगा ना."

मी म्हणालो, "ज्याचा बीकन त्याला कळायला हवं."

"ऐकता तुम्ही, त्यांना कसं कळणार?" म्हणाली आणि मशीन सुरू केलं. बोलणं संपवायची तिची ही पद्धत चाळीस वर्षांची आहे.


मंगळवार, १६ जानेवारी

फोन का करत नाही ते लिहून टाकतो.

आई शेवटी दादाकडे होती. एक दिवस त्याचा निरोप आला, "आईला जरा बरं नाही. काळजीचं काही नाही." मी तेव्हा कारखान्यात दाबमापकं तपासायच्या खात्यात होतो. वर्षाची तपासणी चालू होती. काळजीचं काही नाही म्हणाला म्हणून पाच दिवसांनी गेलो. आई त्या दिवशी पहाटे गेली होती.

मी त्याला भरल्या घरात वाट्टेल ते बोललो. म्हणालो, "तू आयुष्यभर सगळं कमी करून सांगत आलास." तो म्हणाला, "तुला घाबरवायचं नव्हतं रे." मी म्हणालो, "आता बोलावलंस तरी या घराचा उंबरा ओलांडणार नाही. तुझा तो बीकन बंद पडला तर येईन दुरुस्त करायला, तेवढंच." त्यावर तो गप्प बसला. तेव्हा मला वाटलं, काय तोंड बंद केलं गड्याचं!

दुसऱ्या दिवसापासून मी बीकन मोजायला लागलो. का, ते मला अजून सांगता येत नाही.


रविवार, २१ जानेवारी

१५. बरोबर तीन. तेही रविवारीच.

गंज कॅलेंडर बघून चढत नाही. म्हणजे दादा स्वतः कमी करतोय. माझ्याकडे आहे तसा डबा त्याच्याकडेही आहे, तो मधे लावून दर रविवारी तीन-तीन उतरवतोय.

दिवसभर डोकं त्यातच होतं. जेवताना उलगडलं. हे आव्हान आहे! लहानपणी तो असंच करायचा. खोलीच्या टोकाला उभा राहून हळूहळू आवाज कमी करत जायचा आणि मी कुठवर ऐकतो ते बघायचा. मला सगळं ऐकू यायचं. मग मला 'काट्या' म्हणायचा, मोजमापाचा काटा असतो तसा, म्हणून. अकरा वर्षांनी म्हाताऱ्याला खाज आलेली दिसते. म्हणतोय, ऐक बघू कुठवर ऐकतोस ते.

हिला सांगितलं. ती टाके उसवत होती. म्हणाली, "अकरा वर्षं न बोललेला माणूस एकदम खेळायला लागतो होय?"

"तुला आमचं नाही कळायचं."

"खरंय बाई. मला फक्त माणसांचं कळतं."


बुधवार, २४ जानेवारी

नवी अँटेना बनवली. नऊ दांड्यांची, लांब. जुनी केबलही बदलली. तळमजल्यावरच्या सुताराला काठी उभी करायला गच्चीवर बोलावलं. त्याने वर बघून विचारलं, "एवढ्या उंचावर काय वाळत घालणार काका?" मी म्हणालो, "अब्रू." तो बराच वेळ हसत होता. काठी मात्र ओळंब्यात उभी केली.

हिशेबाने पाच डीबी तरी मिळायला हवेत.


रविवार, २८ जानेवारी

दादाने आजही तीन उतरवले असणार. पण माझे १७ भरले! बारा व्हायला हवे होते, सतरा आहेत. तो पायऱ्या उतरतोय आणि मी इकडे जिना बांधतोय. बऱ्याच दिवसांनी जेवण गोड लागलं.


गुरुवार, १ फेब्रुवारी

दुपारी पुतणीचा फोन. तिचा फोन वर्षातून एकदा येतो, तोही हिला. आज मला मागितलं.

"काका, बाबांना जरा बरं नाहीये."

"काय होतंय?"

"अशक्तपणा आहे. काळजीचं काही नाही, असं सांग म्हणालेत." मग म्हणाली, "आणि विचारायला सांगितलंय, बीकन कसा ऐकू येतोय?"

बघा, आलाच मुद्द्यावर! मी म्हणालो, "खणखणीत. सांग त्याला, काट्याचे कान अजून शाबूत आहेत."

"काही बिघाड वगैरे नाही ना वाटत? म्हणजे येऊन बघायला पाहिजे, असं काही?"

"छे. काही गरज नाही."

ती बरं म्हणाली. फोन ठेवायच्या आधी काहीतरी सांगायचं असावं तिला. पण मीच ठेवला.


रविवार, ४ फेब्रुवारी

१४. खणखणीत म्हटल्यावर थांबेल असं वाटलं होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. हे मी त्याच्याविषयी लिहितोय.


रविवार, ११ फेब्रुवारी

आज मी ऐकत असतानाच खटके फिरले. लांब रेघ चालू होती. मधेच आवाज मोठा झाला, मग पार गायब झाला, मग परत आला. चुकीचा खटका दाबला गेला असणार. पूर्वी दादा अंधारात सोल्डर करायचा, हात इतका स्थिर. डब्याचे खटके सैल झाले असतील. मोजले तर ११.

आज त्याचा पेला आठवला. मला डेसिबेल कळेना तेव्हा त्याने पेलाभर पाणी घेतलं. निम्मं ओतून टाकलं, म्हणाला, "हे तीन." उरलेल्याचं निम्मं ओतलं, "हे सहा." असं करत तळाला थेंबभर उरेपर्यंत गेला आणि म्हणाला, "बघ काट्या, निम्मं-निम्मं करत गेलं की पेला रिकामा होतच नाही. काहीतरी उरतंच." मी नऊ वर्षांचा होतो, तो पंधराचा. मी तो थेंब पिऊन टाकला आणि म्हणालो, "झाला की रिकामा." त्याने मला पाठीत धपाटा घातला होता.

हे सगळं कशाला लिहितोय कोण जाणे.


रविवार, १८ फेब्रुवारी

८.

दहाच्या सुमारास पुतणीचा फोन. बाबा आता पडूनच असतात म्हणाली. डॉक्टर घरी येऊन जातात. मी विचारलं, "नेमकं काय झालंय?" ती म्हणाली, "ते सांगू देत नाहीत काका." आणि लगेच, "ऐकू येतंय ना अजून?"

मी म्हणालो, "अगदी स्पष्ट."

तिच्या मागून आवाज आला, "काय म्हणाला?"

दादाचा आवाज. अकरा वर्षांनी. मी फोन कानाशी घट्ट दाबला. तिने सांगितलं, "छान ऐकू येतंय म्हणतात." मग तो हसला की खोकला ते कळलं नाही. आवाज पूर्वीच्या मानाने दहा डीबी तरी खाली. दहा म्हणजे दहावा हिस्सा. फोनच्या तारेतही थोडा पडत असेल, ते धरलेलं नाही.

ही समोरच उभी होती. म्हणाली, "उद्याची पहिली बस पकडा."

"त्याने बोलावलेलं नाही. त्याने सिग्नल विचारला."

"अहो, तुम्ही दोघं माणसं आहात का यंत्रं आहात?" तिचा आवाज फुटला. "नका जाऊ. बसा मोजत."

तिने दिवसभर मशीन लावलं नाही. मला खूप भीती वाटली आज. शेवटी मनाशी एक ठरवलं आणि इथे लिहून ठेवतो, म्हणजे मागे फिरता येणार नाही: ज्या दिवशी शून्य भरेल, एकही खटका न दाबता रेघ ऐकू येणार नाही, त्या दिवशी मी हरलो. त्या दिवशी फोन करीन, ऐकू येत नाही म्हणीन आणि जाईन. बीकन बंद पडला तर येईन, असं बोललोच होतो. म्हणजे माझा शब्दही मोडणार नाही.

आठचे शून्य व्हायला तीन रविवार.


रविवार, २५ फेब्रुवारी

५. पिशवी काढून ठेवली आहे. पकड, सोल्डर, दोन शर्ट. हिने पाहिलं. शर्टांची घडी पुन्हा नीट घालून ठेवली.


गुरुवार, २९ फेब्रुवारी

खणात सोल्डर शोधताना जुना प्रवर्धक सापडला. अँटेनापाशी लावला की क्षीण सिग्नल उचलून धरतो. चालतो का ते बघावं म्हणून फक्त जोडून पाहिला. चालला. पाचाचे अकरा झाले.

काढून ठेवायला हवा होता. जन्मभर सवय ही, की क्षीण सिग्नल दिसला की आधी आपली बाजू सुधारायची. आणि खरं सांगायचं तर ती रेघ पुन्हा स्वच्छ ऐकू आली तेव्हा इतकं बरं वाटलं, की हात पुढे होईना. राहू दे दोन-तीन आठवडे.


रविवार, ३ मार्च

८. एरवी सातच्या आत उतरलेला असतो; आज बीकन सातनंतर सोळा मिनिटांनी उतरला. बाकी ठीक.


रविवार, १० मार्च, सकाळी

८!

आज उतरला नाही! साडेसातपर्यंत कान लावून बसलो, मग पुन्हा मोजलं. आठच. दादाने हात टेकले. दोन महिन्यांत पहिला रविवार असा, की तो खाली गेला नाही. जिंकलो!

हिला हाक मारली. ती चहा घेऊन आली, आकडा बघितला आणि माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "का नसेल उतरवला?"

"दमला असेल."

तिने कप ठेवला आणि आत गेली. कौतुक करणं तिच्या स्वभावातच नाही. मी मात्र आज त्याला स्वतःहून फोन करणार. जिंकलेल्या माणसाने आधी फोन करायला काही हरकत नसते. नऊ वाजू देत, म्हणजे तो उठला असेल.


त्याच दिवशी

नऊला दहा कमी असताना पुतणीचा फोन आला. दादा पहाटे पाचला गेला.

अकराची बस.


गुरुवार, १४ मार्च

परत आलो. लिहायचं नव्हतं. पण आकडे लिहिले नाहीत तर ते डोक्यात फिरत राहतात.

तोंड बघायला मिळालं, एवढंच. माणूस निम्मा झाला होता, निम्म्याचाही निम्मा. अकरा वर्षांत मी त्याला पाहिलंच नव्हतं, पण ओळखायला वेळ लागला तो त्यामुळे नाही. आजार मागच्या वर्षीच कळला होता म्हणे.

दुसऱ्या दिवशी वहिनी मला बीकन दाखवायला घेऊन गेल्या. माळ्यावर नाही, त्याच्या खाटेपाशीच. त्याच्याने जिना चढवेना तेव्हा बीकन खाली आणून खाटेशेजारच्या स्टुलावर ठेवला होता. शेजारी आमचा डबा. तीन खटके दाबलेले: वीस, सहा आणि एक. सत्तावीस. अर्ध्या वॉटचा पाचशेवा हिस्सा.

डब्याखाली वही होती. माझ्यासारखीच रकान्यांची.

"७ जाने. तीन कमी केले. बघू, काट्या कधी विचारतो."

"२१ जाने. नऊ. अजून फोन नाही."

"१ फेब्रु. खणखणीत म्हणाला. खोटारडा."

"१८ फेब्रु. एकवीस. स्पष्ट ऐकू येतं म्हणे. नवी अँटेना लावलीन की काय गाढवाने?"

"३ मार्च. सत्तावीस. खटके हिच्याकडून फिरवून घेतले. पेल्यात फार उरलं नाही."

मी वही मिटली. वहिनी खाटेच्या कडेला बसल्या होत्या. म्हणाल्या, "मी सांगितलं होतं हो भाऊजी, सरळ बोलवा म्हणून. म्हणायचे, बोलावलं तर येणार नाही, तसं सांगून गेलाय. बीकन बंद पडला तर येईल."

"मग बंदच का नाही केला?" माझा आवाज चढला. कुणावर ते माहीत नाही.

"तेही म्हटलं मी. तर म्हणाले, एकदम बंद केला तर त्याला वाटेल मी गेलो. घाबरेल तो. हळूहळू कमी करतो, म्हणजे कधीतरी चिडून दुरुस्त करायला येईल." वहिनी पदराने डोळे पुसत होत्या. "शेवटचे तीन-चार दिवस पुढचा खटका दाबू देईनात. म्हणाले, राहू दे. याच्या खाली नको."

मी त्या स्टुलाशी बसून एक हिशेब केला. नवी अँटेना लावली नसती आणि प्रवर्धक सापडला नसता, तर चोवीसचे शून्य पंचवीस फेब्रुवारीला झाले असते. त्याला तेव्हा अजून दोन आठवडे होते. बोलत होता, वहिनी म्हणाल्या. संध्याकाळी टेकून बसायचा आणि खिडकीतून बसथांब्याकडे बघायचा.

आईच्या वेळी तो कमी सांगतो म्हणून मी त्याला बोललो. या वेळी त्याने आकड्यात सांगितलं, माझ्या भाषेत, नऊ वेळा.


रविवार, १७ मार्च

आज मोजणार नव्हतो. सात वाजता ही मशीनवर होती, आज तिने ते बंद केलं नाही आणि मीही सांगितलं नाही. सवयीने रेडिओ लावला.

मोटरच्या चरचरीवरून तो सरळ खोलीत आला. अक्षरं, मग रेघ. हिचा पाय मशीनवरच थांबला. मी डबा लावला आणि दाबत गेलो. दहा, वीस, तीस. पस्तीसला बुडाला. या घरात इतका मोठा सिग्नल कधी आला नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. पुतणी होती.

"काका, आज मी सगळे खटके वर केले. बाबांचं जसं आधी होतं तसं. कसं येतंय?"

मागे रेघ चालूच होती. तिलाही फोनमधून ऐकू जात असणार.

मी म्हणालो, "ऐकू येत नाहीये गं."

"अजिबात?"

"अजिबात नाही. काहीतरी बिघडलंय. मला येऊन बघावं लागेल."

ती म्हणाली, "काका, हे एकदा बाबा असताना म्हणायचं होतंत."